मार्चमध्ये हायपो, जूनमध्ये हायपर?

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ५४. सहा वर्षांपासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. मार्चमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते वाढतं) ७.२ आला म्हणून डॉक्टरांनी ती ७५ची केली. तीन आठवड्यांनी आम्ही भिशीतल्या बायकांनी मिळून तपासण्यांचं पॅकेज घेतलं, त्यात ६.१ आला. जूनमध्ये पुण्याला मुलीकडे गेले होते, तिथल्या लॅबमध्ये तो ०.०८ निघाला, फ्री टी४ (थायरॉइडचं रक्तातलं मोकळं संप्रेरक) २.४, आणि पुढे ठळक अक्षरांत 'हाय'. जाऊबाई म्हणतात, आता तुझं उलटं झालंय, गोळी बंद कर. मला ना धडधड, ना घाम, वजनही तेवढंच. खरा रिपोर्ट कोणता? गोळी रोज सकाळी चहाबरोबर न चुकता घेते, नाश्त्यानंतर कॅल्शियम. बाकी काही नाही. केस गळतात म्हणून मुलीने मे महिन्यात आणून दिलेल्या गोळ्या तेवढ्या चालू आहेत.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही 'बाकी काही नाही'च्या मागे ठेवून दिलीत! त्या केसांच्या गोळ्यांची बाटली आणा आणि मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. 'बायोटिन' हे जीवनसत्त्व सापडेल असा माझा अंदाज आहे; बहुतेक वेळा ५ किंवा १० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅमची, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ती तीनशेहून अधिक पटींनी असते. त्याने अपाय होतो असं नाही, पण आमची यंत्रं फसतात. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनांमध्ये बायोटिनचाच धागा वापरलेला असतो. रक्तात ते आधीच भरपूर असलं की टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि फ्री टी४ खोटाच जास्त. कागदावर अगदी हायपरथायरॉइडचं, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचं, चित्र उभं राहतं आणि पेशंट समोर आरामात बसलेली असते, तुमच्यासारखी.

मी पॅथॉलॉजिस्ट. काचेच्या पलीकडे बसून नुसता आकडा सही करून दिला की तो कोणत्या बाईचा आहे हे कळत नाही. 'कोणती औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला केसांच्या, नखांच्या गोळ्या कोणी औषध म्हणून सांगतच नाही. म्हणून मी आता सरळ 'केस गळतात का हो?' असंच विचारते.

तेव्हा गोळी परस्पर बंद करू नका. केसांच्या गोळ्या मात्र थांबवा. किमान दोन दिवस थांबावं लागतं, मी चार सांगते. मग पुन्हा टीएसएच आणि फ्री टी४ करा. मधल्या काळात छातीत धडधड किंवा हातांना थरथर जाणवली तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. टीएसएच खरोखरच इतका खाली राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडंही झिजतात.

भिशीच्या पॅकेजमधला ६.१ खोटा नव्हता, पण घाईचा होता. ही गोळी रक्तातून निम्मी व्हायलाच आठवडाभर घेते, त्यामुळे डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून रेंगाळत येतो. सहा ते आठ आठवड्यांआधी केलेली तपासणी म्हणजे कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत झाकण उघडणं.

आता मुळावर येते. मार्चमधला ७.२ कशाने आला? मला तुमच्या चहाचा संशय आहे. चहा-कॉफीबरोबर ही गोळी नीट शोषली जात नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी पाठोपाठ आली तर आणखीच कमी. या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. हे मी शिकले तेही स्वतःवरूनच. माझीही गोळी चालू आहे, आणि डॉक्टर असूनही वर्षभर मी दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर गिळत होते! आता गोळीची डबी उशाशी असते. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घेते आणि चहा पाऊण तासाने. सुरुवातीचा महिना तो पाऊण तास फार जड गेला.

पण उद्यापासून तुम्ही एकदम शिस्तीला लागलात, तर तीच ७५ची गोळी पोटातून जास्त शोषली जाईल आणि टीएसएच यावेळी खरोखर घसरेल. कदाचित तुम्हाला ५० पुरेशी होती. डॉक्टरांना हे सगळं, चहासकट, सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने सवय बदला. त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी. रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच वेळेला द्या, कारण टीएसएच पहाटे चढा असतो आणि दुपारी उतरतो. त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतली तर फ्री टी४ काही तास वाढलेला दिसतो. लॅब बदलली की 'नॉर्मल'ची चौकटही बदलते, कुठे ०.२७ ते ४.२०, कुठे ०.३५ ते ४.९४. रिपोर्टच्या मागे पेन्सिलीने डोस, वेळ आणि चालू असलेली प्रत्येक गोळी लिहून ठेवा.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : माझं अँटी-टीपीओ गेल्या वर्षी ६२०, यंदा ४८०. आजार कमी होतोय का? दर वेळी करावी का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नको. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर चालून जातंय का, एवढंच ही चाचणी सांगते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली वर्णन केलेला आजार तो हाच. एकदा पॉझिटिव्ह आली की तिचं काम झालं. आकडा खालीवर झाल्याने डोस ठरत नाही, तो टीएसएचवर ठरतो. ते पैसे वाचवा.