बोटीवर गोड्या पाण्याची लाइन: अर्धा इंची की पाऊण?

३२ फुटी बोट, खाली टाकी, १२ व्होल्टचा छोटा पंप, एक सिंक नि एक शॉवर. पाइप अर्धा इंची घेऊ की पाऊण, असं विचारलंयत. याच प्रश्नावरून माझा नि मेव्हण्याचा दोन दिवाळ्या अबोला होता, म्हणून लिहितोय.

आमची बोट वर्सोव्याची. १ जूनला मासेमारीबंदी लागली की ३१ जुलैपर्यंत डागडुजी. त्या वर्षी पाण्याची लाइन मेव्हण्याने अंगावर घेतली. तो बिल्डिंगांतला प्लंबर. डिलिव्हरीला, म्हणजे पंप ते नळ, सरळ एक इंची पाइप टाकला, म्हणे "मोठा पाइप, मोठा फोर्स". आणि टाकी ते पंप? तिथे बागेची उरलेली अर्धा इंची नळी. "दोन मीटर तर आहे!"

चौथ्या दिवशी भर समुद्रात पंप घरघरायला लागला. नळ थुंकत होता. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणाला, पंप गेला. मी फळी उचलून टॉर्च मारला, तर नळी सुक्या वाकटी माशासारखी चपटी! पंप बंद केला की फुगायची, चालू केला की परत चपटी. आठ माणसं, टाकी भरलेली, आणि आम्ही झाकण उघडून डब्याने पाणी काढतोय.

बिल्डिंगमध्ये टाकी गच्चीवर असते, पाणी आपसूक उतरतं. बोटीत ते खालून ओढायचं असतं. पंप पुढे हवं तितकं ढकलेल, पण मागून ओढण्याला मर्यादा आहे. म्हणून सक्शन, म्हणजे टाकी ते पंपाचा पाइप, पंपाच्या तोंडापेक्षा बारीक कधीच नको. पाऊण इंची, आत तार गुंफलेला, न दबणारा पाइप घ्या. अर्ध्याचा पाऊण केला की घर्षण साधारण सातपट कमी होतं. क्लॅम्पही नीट आवळा; सक्शनला फट असली तर पाणी गळत नाही, हवा शिरते, आणि माणूस पंपाला शिव्या देत बसतो.

डिलिव्हरीला अर्धा इंची पुरे. मिनिटाला दहा लिटर आरामात जातं. एक इंचीत मीटरला अर्धा लिटर पाणी नुसतं पडून राहतं. गिझर असेल तर गरम पाणी येईपर्यंत तेवढं थंड वाया.

पाइप मात्र पिण्याच्या पाण्याचाच घ्या. त्या नळीच्या पाण्याचा चहा रबरासारखा लागायचा.

आणि हो, हे सगळं एका वेळी एक-दोन नळ चालतील या हिशेबाने. दोन शॉवर एकदम सोडणार असाल तर डिलिव्हरीची मुख्य लाइनही पाऊण इंची करा, फाटे अर्ध्याचेच. हे शेवटचं वाक्य मेव्हण्याला दाखवू नका.