दारातल्या काँक्रीटच्या अंगणाला कोणतं फिनिश करावं?

कराडजवळ नवीन घर, दारात ३० बाय २० फुटांचं अंगण, सुगीत सोयाबीन वाळत पडणार, दुचाकी रोजची आणि ट्रॅक्टर अधूनमधून. अशा अंगणाचं काँक्रीट घोटून गुळगुळीत करावं, झाडू मारून खरबरीत ठेवावं की ओल्या काँक्रीटवर साचा दाबून स्टॅम्पचं डिझाइन काढावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं ऐकाल तर अख्ख्या अंगणाला एकच फिनिश करू नका.

मी ती चूक केलीय. आम्ही सांगली जिल्ह्यातले, घरची हळद. शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस पसरून वाळवावी लागते, म्हणून मिस्त्रीला म्हटलं, आरशासारखं घोट. त्यानं घोटलं. उन्हाळा झकास गेला, फावडं सरसर चालायचं, हळकुंड कुठं अडकायचं नाही. पिवळे डाग पडले म्हणून बायको वैतागली, पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, डाग आपसूक विरले. मग पाऊस सुरू झाला. नळापासून दारापर्यंत ऊन पोचत नाही, तिथं शेवाळ धरलं आणि आई कळशी घेऊन येताना घसरली. मनगट मोडलं. नंतर वाटेपुरते ग्राइंडरनं चरे मारून घेतले. काम भागतं, पण चऱ्यांत माती बसते आणि ठिगळ ते ठिगळच दिसतं.

म्हणून तुम्ही आधी खडूनं दोन भाग आखा. ऊन जास्त पडतं तो वाळवणीचा, तो घोटा. फाटकापासून दारापर्यंत, नळाभोवती आणि उतारावर झाडू फिनिश. झाडूचे फरांटे पाणी वाहतं त्या दिशेनं मारायला सांगा, म्हणजे धुताना माती निघून जाते. फाटकाला चढ असेल तर तिथं मात्र आडवे, चाकाला पकड मिळते.

स्टॅम्प दिसतो छान, नाही म्हणत नाही. पण नक्षीच्या खाचांत सोयाबीन अडकेल, वरचं सीलर, म्हणजे पाणी रोखणारा चकचकीत थर, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावं लागेल, आणि ओलं झालं की तेच सीलर निसरडं होतं. पुढेमागे पाइपलाइनसाठी फोडावं लागलं तर जोड लपत नाही. हौसच असेल तर तुळशीभोवती चार फूट करा.

फिनिश कुठलंही घ्या, बिघडतं ते घाईत. ओतल्यावर वर पाणी सुटतं. ते जिरायच्या आत घोटायला घेतलं, किंवा पाणी शोषावं म्हणून वर कोरडं सिमेंट भुरभुरवलं, की वरचा थर कमजोर होतो. वर्षभरात पापुद्रे सुटतात, झाडलं की पांढरी धूळ निघते. 'सिमेंट मारलं की चकाकतं' असं मिस्त्री म्हणेल, त्या दिवशी तिथंच उभे राहा. अंगठा दाबून हलका ठसा उमटला, पाणी वर आलं नाही, की मग झाडू. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ही वेळ झटकन निघून जाते, म्हणून काम भल्या पहाटे धरा.

दुसऱ्या दिवशी शेतात करतो तसे मातीचे वाफे करून पाणी उभं करा. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असेल तर दहा-चौदा. एवढ्यानंच बऱ्याच भेगा टळतात. उरलेल्यांसाठी दर आठ-दहा फुटांवर जोड कापून घ्या, म्हणजे भेग त्या सरळ चिरेतच जाईल, जाडीच्या पाव भाग खोल, आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत. गुळगुळीत आणि खरबरीत भागाची सीमा याच जोडावर आणा, नजरेला खुपत नाही.

ट्रॅक्टर येणार असेल तर चार इंच पुरत नाही, त्याच्या वाटेला सहा इंच धरा. आणि खाली काळी माती असेल तर ती काढून मुरूम भरून नीट दाबून घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर कुठलंच फिनिश टिकत नाही.