तर्द, तेझेक आणि किटलीतला दगड

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू इंग्रजीतून स्लोव्हेनमध्ये भाषांतरलेली पानं काल रात्री किटली घासता घासता वाचली. इथे स्लोव्हेनियात, ल्युब्ल्यानाच्या नळाचं पाणी किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतं. व्हिनेगर घालून तासभर ठेवलं तरी कडेचा पापुद्रा नखानं खरवडावा लागतो. इथे त्याला 'वोदनी कामेन' म्हणतात, म्हणजे पाण्याचा दगड. देशाचा मोठा भाग चुनखडीचा, त्यामुळे दुसरं काय होणार! भूगोलात आपण 'कार्स्ट' प्रदेश शिकलो ना, ते नावसुद्धा इथल्याच क्रास पठारावरून पडलंय.

आणि वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत अशा पाण्याला, इंग्रजीतल्या 'हार्ड वॉटर'ला, तू लिहिलंस 'तेझ्का वोदा'. अगं, ते जड पाणी झालं, अणुभट्टीतलं! या देशात अणुवीज प्रकल्प एकच, क्र्श्कोचा, आणि तिथेही साधंच पाणी वापरतात. तू लोकांना त्यात चादरी धुवायला सांगतेस. हवं होतं 'तर्दा वोदा'.

ओशाळू नकोस. पहिल्या वर्षी मी वाहनचालकांसाठीच्या एका पत्रकात 'हार्ड शोल्डर'चं 'तर्दा रामा' केलं होतं. रामा म्हणजे माणसाचा खांदा. गाडी बंद पडली तर ती ताठरलेल्या खांद्यावर उभी करा, असा सल्ला मी अख्ख्या देशाला देणार होते. महामार्गाच्या कडेच्या त्या पट्ट्याला इथे 'ओद्स्तावनी पास' म्हणतात. त्यात ना हार्ड, ना खांदा. छापायच्या आधी एका म्हाताऱ्या मुद्रितशोधकांनी पकडलं. ते बोलले काहीच नाहीत, नुसता स्वतःचा खांदा चोळत माझ्याकडे बघत राहिले.

तुझी चूक कुठून आली ते मला दिसतंय. कोशात 'हार्ड'पुढे आधी 'तर्द' आहे, मग 'तेझेक', आणि तू दोन्ही आलटून पालटून वापरलेस. मराठी कानाला त्यात काही खटकत नाही, कारण आपलं 'कठीण' दोन्हीकडे चालतं. कासवाचं कवच कठीण आणि पेपरही कठीण. स्लोव्हेनमध्ये मात्र तिथे शिवण आहे. दाताखाली किंवा बोटाखाली जे दबत नाही ते तर्द: दगड, वाळलेला पाव, पुस्तकाची पुठ्ठ्याची बांधणी. जे उचलताना, सोसताना किंवा समजून घेताना ताकद खातं ते तेझेक: सूटकेस, प्रश्न, निर्णय, दिवस. वजनाला आणि अवघडपणाला त्यांचा शब्द एकच. आपणही 'गणित जड जातं' म्हणतोच की! म्हणून इंग्रजी वाक्य वाचल्यावर मनात 'जड जातं' बसतं का ते बघ. बसलं तर बहुतेक वेळा तेझेक. इंग्रजीतून स्लोव्हेनकडे जाताना मराठीत क्षणभर टेकलं तर वाट लांबत नाही, उलट सोपी होते. हे मला फार उशिरा कळलं.

पाणी हाताला दबतंच, तरी ते तर्द का, असं तू विचारशील. ते शास्त्रातून आलेलं नाव आहे, आणि शास्त्रातली नावं ठरलेली असतात. तशीच 'तर्दा वालुता' हे भक्कम, कुठेही चालणारं चलन आणि 'तर्दे द्रोगे' हे जास्त घातक अमली पदार्थ. ही पाठच करायची.

पण पुढे असे शब्द येतात जिथे ही दोन्ही नाणी चालत नाहीत. हार्ड हिवाळा 'हूदा झीमा' होतो. हूद म्हणजे उग्र, दुखणं असह्य असलं तरी हाच शब्द. हार्ड लिकर म्हणजे 'झ्गाना पियाचा', अक्षरशः जाळलेलं पेय, भट्टीतून आलेलं. हार्ड कॅश म्हणजे 'गोतोविना', त्यातल्या 'गोतोव'चा अर्थ तयार. आपण रोख म्हणतो तेच. ऐकू कमी येणारा माणूस 'नाग्लुशेन'. भांडण मिटल्यावर इंग्रज जे 'नो हार्ड फीलिंग्ज' म्हणतो, ते इथे 'ब्रेझ झामेरे', मनात अढी न ठेवता. माझं सगळ्यात लाडकं म्हणजे हार्ड लक. त्याला म्हणतात 'स्मोला', आणि स्मोला म्हणजे झाडाचा चिकट डिंकही! नशीब असं चिकटलं की हात धुऊनही सुटत नाही.

उलट बाजूलाही बघ. मिट्ट काळोख इथे 'तर्दा तेमा' असतो, कडक काळोख, आणि तिथे इंग्रजीतला हार्ड कुठेच नाही. एखाद्याचे हाल चाललेत तर 'तर्दा मू प्रेदे' म्हणतात, त्यात प्रेदे म्हणजे सूत कातणं.

कामाचं प्रकरण नाजूक आहे. 'तर्दो देलो' म्हणजे चिकाटीनं केलेले कष्ट, 'तेझ्को देलो' म्हणजे अंगमेहनतीचं, कंबर मोडणारं काम. पण शेजारीण मुलाचं कौतुक करताना यातलं काही म्हणत नाही. तिचा मुलगा 'प्रिदेन' असतो, मेहनती आणि गुणी दोन्ही. तुझ्या पान दोनवरच्या वाक्यात तेच हवं होतं.

आता व्याकरण. आपलं 'कठीण' बिचारं कधी बदलत नाही. यांचं लिंग, वचन, विभक्ती सगळ्यांबरोबर फिरतं, त्यात द्विवचनही जिवंत. उकडलेली अंडी घेऊन बस आणि मोठ्यानं म्हण: एक अंडं 'तर्दो यायत्से', दोन अंडी 'तर्दी यायत्सी', तीन 'तर्दा यायत्सा', आणि पाच झाली की 'तर्दिह यायत्स'. उच्चाराला घाबरू नकोस, चमच्यातला च आणि चहातला च हे दोन्ही त्यांच्याकडे आहेत, आपल्यासारखेच. मूळ 'तर्द' लिहितात मात्र स्वराशिवाय, आणि बोलताना शेवटचा द त कडे झुकतो.

संगणकाची हार्ड डिस्क तू 'तर्द दिस्क' लिहिलीस. ती 'तर्दी दिस्क' हवी. इथे शाळेत मुलांना सांगतात, 'कसा' विचारलं की तर्द, 'कोणता' विचारलं की तर्दी. पाव कसा? तर्द. डिस्क कोणत्या प्रकारची? तर्दी. पुल्लिंगी एकवचनात ही एक वेलांटी न दिसणाऱ्या भाषांतरकाराला इथला संपादक पहिल्या ओळीत ओळखतो.

इंग्रजी-स्लोव्हेन कोश बाजूला ठेव असं मी म्हणत नाही, पण तो दुसऱ्यांदा उघड. आधी 'फ्रान' पोर्टलवर स्लोव्हेनचा स्लोव्हेनमधला कोश बघ. १९७० ते १९९१ या काळात पाच खंडांत निघालेला तो कोश आता तिथे फुकट आहे. 'तर्द'ची नोंद सगळी वाच, उदाहरणांसकट. मग 'गिगाफिदा' या अब्जाहून जास्त शब्दांच्या संग्रहात शोध, की ते विशेषण कोणकोणत्या नामांना धरून येतं. तुझ्या वहीत 'हार्ड'च्या पानावर अर्थांची यादी आहे, ती फाड. नामांची यादी कर: पाणी, हिवाळा, दारू, अंडं, दिवस. प्रत्येकापुढे एकच विशेषण.

पान तीन ते सहा परत कर. पान चारवरच्या डागांना मात्र हात लावू नकोस. 'हार्ड टू रिमूव्ह' डागांना तू चक्क 'तर्दोव्रात्नी' लिहिलंस, ताठ मानेचे! कोशातल्या पहिल्या दोन ओळींत तो शब्द नाही. कुठून काढलास? साबणाच्या डब्यावर वाचलास ना?

तुझी,
मावशी

ता. क. शनिवारी येशील तेव्हा व्हिनेगरची बाटली आण, माझी संपली.