पप्पांनी शब्द दिलाय, मुलाला साप हवाय

मावशी, आम्ही रावेर तालुक्यात राहतो, केळीची शेती आहे. मुलगा अकरा वर्षांचा, धाकटी मुलगी अडीच वर्षांची. मुलाला सापांचं प्रचंड वेड. मोबाइल हातात आला की सापांचेच व्हिडिओ. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं तर साप घेऊन देईन, असं मिस्टर बोलून बसले आणि त्याचं नाव आलं. त्यांचा मुंबईचा मित्र बॉल पायथनचं पिल्लू पंधरा हजारांत देतो म्हणतो, कागदपत्रांचं नंतर बघू म्हणे. गावातला साप पकडणारा एक मुलगा म्हणतो, "वहिनी, पैसे कशाला घालवता? मळ्यातून अजगराचं पिल्लू आणून देतो, फुकट." सासूबाईंनी तर "घरमा साप पाळतस का कोनी?" म्हणून जेवण सोडलं. मी नको म्हटलं की मिस्टर मुलासमोर म्हणतात, "तुझी आई भित्री आहे, तिच्यामुळे अडलंय." मुलगा माझ्याशी धड बोलत नाही. मी चुकतेय का?
– एक आई, रावेर तालुका

बाळा, तू चुकत नाहीयेस. साप घरात येऊ नये हे तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मला काळजी वाटते ती त्याच्या पुढच्या गोष्टीची. हा नकार तुझ्या भीतीच्या नावावर जमा होतोय. तुला भीती वाटत नसती तरी हा साप आणू नका असंच मी सांगितलं असतं, आणि ते तुझ्या मुलाला नीट कळायला हवं. म्हणून हे उत्तर मिस्टरांनाही वाचायला दे.

आधी त्या फुकटच्या पिल्लाबद्दल, कारण त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. अजगर, नाग, धामण, मांडूळ, आपल्या रानातले हे सगळे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे. अजगर तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत येतो. त्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर दंड. पकडणारा "मी सर्पमित्र आहे" म्हणाला म्हणून तुम्ही सुटत नाही. खरा सर्पमित्र साप कुणाला पाळायला देतच नाही. तो वनविभागाला कळवतो आणि साप जवळच्याच योग्य जागी सोडतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेव. आपल्याकडे अजगराचं पिल्लू म्हणून हातात घेतलेला साप घोणस निघतो, आणि माणसं अशीच दगावतात. घोणस जाड, आळशासारखी पडून राहते, अंगावर तपकिरी ठिपके, त्यामुळे नवख्याला ती अजगरासारखीच दिसते. नीट बघितलं तर घोणशीच्या पाठीवर काळ्या कडेचे लांबट गोल ठिपके साखळीसारखे तीन रांगांत असतात. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, नकाशासारखे पसरलेले. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. हे फरक फोटोत सोपे वाटतात. केळीच्या वाळल्या पानांत, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, हातभर पिल्लू समोर असताना भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. आणि घोणशीचं पिल्लू जन्मल्या दिवसापासून विषारी असतं. "मुलगा हुशार आहे, ओळखतो" या भरवशावर राहू नका.

आता मुंबईचा बॉल पायथन. तो बिनविषारी आणि स्वभावाने शांत, हे खरं आहे. मूळ पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन त्या बाजूचा. परदेशी प्रजात आहे म्हणजे आपला कायदा लागत नाही, असं बरेच जण समजतात. पूर्वी तशी पळवाट होतीही. पण २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. बॉल पायथन त्यातलाच. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने केंद्राच्या परिवेश पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे त्याची नोंदणी करायची असते. मालकी बदलली तर तेही कळवायचं असतं. म्हणून "कागदपत्रांचं नंतर बघू" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. ज्याच्याकडे आज कागद नाहीत, त्याच्याकडे ते उद्याही येणार नाहीत. २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत कोंबलेले बॉल पायथन मुंबई विमानतळावर पकडले गेले होते. त्या मित्राचं पिल्लू कुठून आलं हे मला ठाऊक नाही, पण बिनकागदाचं पिल्लू घेणारा माणूस अशाच धंद्याला गिऱ्हाईक पुरवतो.

समजा, सगळे कागद चोख असलेलं पिल्लू मिळालं. तरीही मी नाहीच म्हणेन, आणि त्याचं कारण त्या सापाकडे बघून सांगते. त्याला पेटीत एका बाजूला साधारण ३१-३२ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५-२७ अंश तापमान लागतं, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. हवेत दमटपणा लागतो, लपायला बंद जागा लागते. आपल्या रावेर-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घरातल्या पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल ते तुला माहीत आहे. ३५ च्या वर बराच वेळ राहिलं की हा साप तडफडायला लागतो. थंडीत उलटं. आपल्याकडे पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा त्याला ऊब मिळाली नाही तर छातीचा संसर्ग होतो. म्हणजे उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब, आणि दोन्ही विजेवर. भर उन्हाळ्यात दुपारची लाइट गेली की तुम्ही ओट्यावर निंबाखाली जाऊन बसाल. तो काचेच्या पेटीत कुठे जाणार? आणि आजारी पडला तर? तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाय, म्हैस, शेळी बघतात. सापावर उपचार करणारा डॉक्टर शोधायला मोठं शहर गाठावं लागेल.

खाणं उंदरांचं. पिल्लू असताना आठवड्याला एक, पुढे जरा अंतराने. ते उंदीर कोण आणणार, कुठे ठेवणार, श्रावणात सासूबाई कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट करत असताना फ्रीजमध्ये काय असेल, हा विचार मिस्टरांनी केलाय का? हा साप मधेच महिना दोन महिने खाणं सोडतो. ते त्याच्या जातीत आहे, पण अकरा वर्षांच्या पोराला ते बघवणार नाही. आणि हा प्राणी चांगला सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. मुलगा अठराव्या वर्षी शिकायला नाशिक-पुण्याला जाईल. तेव्हा त्या सापाचं निम्मंही आयुष्य सरलेलं नसेल. मग पेटी पुसणारी, उंदीर टाकणारी, लाइट गेली की धावणारी तूच. ज्या कामाला तू पहिल्या दिवसापासून नाही म्हणतेयस, ते तुझ्याच गळ्यात पडणार आहे.

धाकटीचं वय अडीच, हा तर वेगळाच मुद्दा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, साप ठणठणीत दिसत असला तरी. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात असे प्राणी ठेवू नयेत, असाच वैद्यकीय सल्ला आहे. ती सगळं तोंडात घालते, हे तुला मी सांगायला नको.

आता मिस्टरांशी बोलते. भाऊ, मुलाला आनंद द्यावा म्हणूनच तुम्ही शब्द दिलात, हे मला दिसतं. पोराने अभ्यास करून आपली बाजू पूर्ण केली, त्यामुळे तुम्हाला अडकल्यासारखं होतंय. पण तो शब्द तुम्ही दिलाय, तो तुम्हीच मागे घ्यायला हवा. बायकोला पुढे करून नाही. मुलाला शेजारी बसवा आणि सरळ सांगा, "बेटा, मी माहिती न घेता बोललो. कायद्यात हे बसत नाही, आणि आपल्या घरात त्या सापाचे हाल होतील. आईचा यात काही दोष नाही." तो रडेल, रुसेल, कदाचित दोन दिवस तुमच्याशीही बोलणार नाही. तेवढं सोसा. आणि "तुझी आई भित्री आहे" हे पुन्हा त्याच्यासमोर म्हणू नका. ज्या मळ्यात नाग-घोणस निघतात तिथे ती रोज पाय टाकते. तिच्या भीतीला आधार आहे.

सासूबाईंना "अडाणी श्रद्धा" म्हणून कुणी गप्प करू नये. नागाला घरात कोंडू नये, तो शेताचा राखणदार आहे, ही त्यांची भावना आणि मी वर लिहिलेलं सगळं एकाच ठिकाणी येऊन पोचतं. फक्त नागपंचमीला दारात आलेल्या टोपलीतल्या नागाला दूध देऊ नका, हे त्यांना प्रेमाने सांग. साप दूध पीत नाही. तहानेने व्याकूळ ठेवलेला नाग समोर येईल ते तोंडात घेतो आणि त्याने आजारी पडतो.

राहिला मुलगा. त्याला नुसतं "नाही" देऊन उठू नका, त्याच्या हातात काहीतरी खरं पडायला हवं. या वेडाला आपल्या भागात फार मोठा उपयोग आहे. त्याला एक वही आणून द्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी, समोरासमोर चित्रं काढून लिहू दे. मण्यार आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या, या जोडीपासून सुरुवात करायला सांग. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे ठळक. वहीत अट एकच असू दे, ओळखायचं लांबून, हात लावायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा. शिष्यवृत्तीचं बक्षीस म्हणून ही सहल पप्पांनी स्वतः न्यावी, मित्रासोबत पाठवून देऊ नये. पावसाळा संपला की यावल अभयारण्याच्या बाजूला एखाद्या वनरक्षकाशी त्याची ओळख करून द्या.

आणि सर्पदंश झाला तर काय करायचं, हे घरात सगळ्यांना त्यानेच शिकवू दे. माणसाला शांत ठेवायचं, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय. केळी काढायला येणाऱ्या मजुरांना त्याने हे समजावून सांगितलं तर त्याचा सापांचा अभ्यास एखाद्याचा जीव वाचवेल.

स्वतःच्या हाताने काही सांभाळायचंच असेल तर गप्पी माशांची टाकी आणा. साप नको म्हणून पोपट किंवा कासव मात्र आणू नका. आपले देशी पोपट आणि कासवंही त्याच कायद्यात येतात.

शेवटी, मित्राला काही रक्कम आगाऊ दिली असेल तर त्या पैशांवर पाणी सोडा, पण पिल्लू ताब्यात घेऊ नका. हे पत्र छापून येईपर्यंत ते घरी आलंच असेल, तर लपवून ठेवू नका आणि दया आली म्हणून मळ्यात तर मुळीच सोडू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि खरं काय ते सांगा. गावातल्या मुलाने पिल्लू डब्यात घालून आणून दिलं असेल तरी हाच क्रमांक. तो डबा उघडू नका, धाकटीच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि माणूस येईपर्यंत खोलीचं दार बंद ठेवा.

– तुझी मावशी