फ्लोरेन्समध्ये दोन दिवस : काय पाहावे, काय सोडावे

प्रश्न : आम्ही उभयता इटलीतील फ्लोरेन्स येथे रविवार व सोमवार असे दोन दिवस मुक्काम करणार आहोत. या अवधीत तेथील सर्व प्रमुख संग्रहालये पाहून होतील का?

उत्तर : होणार नाहीत, आणि तसा हट्टही धरू नये. मुळात उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, त्यामुळे शक्य असल्यास मुक्काम एक दिवस आधी, म्हणजे शनिवार-रविवारी ठेवावा आणि वेळ नेमून दिलेली तिकिटे आधीच काढून ठेवावीत.

उफिझी म्हणजे कचेऱ्या. फ्लोरेन्सचा ड्यूक कोझिमो द मेदिची याच्या कारभारासाठी वास्तुकार वसारीने १५६० मध्ये ही इमारत बांधायला घेतली. पुढे या घराण्याची अखेरची वारस आना मारिया लुईझा हिने १७३७ च्या कराराने कुटुंबाचा सारा कलासंग्रह शहराबाहेर जाणार नाही अशी अट घातली, म्हणूनच बोत्तिचेल्लीची चित्रे आज आपल्याला तेथेच पाहायला मिळतात. त्यांच्यासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी.

अकादेमियात सारी गर्दी मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’कडे धावते. हा पुतळा १८७३ पर्यंत शहरातील सिन्योरिया चौकात उघड्यावर होता. आज चौकात उभी आहे ती प्रतिकृती. अकादेमियात मूळ पुतळ्याकडे जाताना वाटेत दगडात अर्धवट अडकलेले ‘बंदिवान’ हे मायकेलअँजेलोचेच अपूर्ण पुतळे लागतात, त्यांच्यापाशी मात्र जरूर थांबावे, कारण छिन्नीचे ओरखडे तेथे जसेच्या तसे दिसतात.

माझा खरा आग्रह बार्जेलो या शिल्पसंग्रहालयाचा आहे. शहरातील बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी १४०१ मध्ये जी स्पर्धा झाली, तिच्यातील गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की या दोन शिल्पकारांचे कांस्यफलक तेथे आहेत. विषय एकच, अब्राहम आपल्या मुलाचा बळी देतो तो क्षण. पण ब्रुनेलेस्कीचा देवदूत अब्राहमचे मनगट गच्च धरतो, तर गिबेर्तीचा देवदूत नुसता वरून झेपावतो. जिंकला गिबेर्ती. त्याचा फलक वजनाला हलका होता, म्हणजे कांस्यही कमी लागणार होते, हेही विसरू नये! माझे मत विचाराल तर ब्रुनेलेस्कीच्या बाजूने पडेल.

वेळ उरल्यास सान मार्कोचा मठ पाहावा. फ्रा अँजेलिको या भिक्षू-चित्रकाराने तेथील भिक्षूंच्या एकेका खोलीत एकेक भित्तिचित्र रंगवले आहे. मात्र जिना चढताना मान वर करायला विसरू नये, कारण देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो ते त्याचे चित्र वरच्या पायरीसमोरच आहे.