फाईल उडाली? आधी हात आवर
पेनड्राइव्हवरची फाईल चुकून डिलीट झाली असेल, तर सगळ्यात आधी त्या पेनड्राइव्हवर काहीही कॉपी करणं थांबव. डिलीट करताना बहुतेक वेळा फक्त फाईलची नोंद पुसली जाते. आतला डेटा त्या जागी नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून असतो. मी एकदा घाईघाईत रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकलं आणि नेमके हवे तेच फोटो घालवून बसलो. फाईली परत मिळवायला फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर वापर, फुकट आहे. सापडलेलं मात्र दुसऱ्या डिस्कवर सेव्ह कर. मूळ नावं सहसा मिळत नाहीत; 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडे, एकेक उघडून बघत बसायचं. एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) असेल तर ट्रिममुळे, म्हणजे डिलीट झालेल्या डेटाची जागा आपोआप साफ करण्याच्या सोयीमुळे, आशा कमीच. चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधल्या चुका दुरुस्त करणारं विंडोजचं साधन, फाईली बाहेर काढल्यावरच चालव. आणि हार्डडिस्क टकटक वाजत असेल तर यातलं काहीच करू नकोस, लगेच बंद कर.