भूल चढलीच नाही तर?

अक्कलदाढ काढायला घाबरणारे बहुतेक जण त्या भीतीबद्दल बोलायला माझ्याकडे येतात तेव्हा 'मला दुखणं सहन होत नाही' इथूनच सुरुवात करतात. जरा बोलतं केलं की खरा प्रश्न बाहेर पडतो: भूल चढलीच नाही तर?

पुण्यात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणारी एक मुलगी याच प्रश्नासाठी आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. खालची डावी अक्कलदाढ अर्धी हिरडीखाली, आडवी होऊन शेजारच्या दाढेला टेकलेली. दाढेवर आलेल्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकायचं, सूज यायची, जबडा धरायचा. तोंडात जेमतेम चहाचा चमचा जाईल एवढीच फट. आई फोनवरून 'लवंग धर' सांगायची, ही गोळी घ्यायची, चार दिवस बरं वाटायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दातांच्या डॉक्टरांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून दाढ काढायला सांगितली होती. शेजारची चांगली दाढही किडू लागली होती. तरी ही दोनदा दवाखान्याच्या जिन्यातून परत फिरली.

लहानपणी दुधाचा दात काढताना मोठ्यांनी तिचे हातपाय धरून ठेवले होते. 'दुखतंय' म्हणून ती ओरडली, तर 'झालंच, झालंच' म्हणत काम पुढे चालूच राहिलं. दुखणं ती केव्हाच विसरली होती. दुखतंय म्हटलं तरी कुणी थांबत नाही, हे मात्र मनात घट्ट बसलं होतं. अशा माणसाला 'काही होत नाही गं' म्हणणं म्हणजे पुन्हा तेच करणं. माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे: भीती कशाची ते नेमकं विचारा आणि तेवढ्याचंच खरं उत्तर द्या.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की, भूल कधीकधी कमी चढते. जंतुसंसर्ग झालेल्या सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि तिथे औषधाचा जोर कमी पडतो. म्हणूनच बरेचदा डॉक्टर आधी ती जागा साफ करतात, गरज असेल तर औषधं देतात आणि सूज उतरल्यावर दाढ काढतात. आपल्या शंकेत तथ्य आहे हे ऐकूनच तिचे खांदे जरा सैल झाले. नीट भूल चढली तरी दाब जाणवतो, कडकड आवाज येतो, दाढ बऱ्याचदा तुकडे करून काढावी लागते. हेही मी आधीच सांगितलं. दाब आणि वेदना यांतला फरक आधी ठाऊक नसेल, तर खुर्चीत माणूस हमखास गडबडतो.

यापलीकडेही सोयी आहेत. काही ठिकाणी नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड देतात. माणूस जागा असतो पण निवांत होतो, आणि वायू बंद केला की काही मिनिटांत असर उतरतो. शिरेतून औषध देऊन गुंगीत ठेवता येतं. त्याला भूलतज्ज्ञ लागतात, उपाशी यावं लागतं आणि घरी न्यायला सोबत कुणीतरी हवं. दाढ फार खोल असेल किंवा भीती कशानेच आवरत नसेल, तर रुग्णालयात पूर्ण भूल देऊनही काढतात. तुमचे आजार आणि चालू गोळ्या बघूनच डॉक्टर यातलं काय योग्य ते ठरवतात.

तिने जागेवरचीच, म्हणजे फक्त दाढेभोवतालचा भाग बधिर करणारी भूल निवडली, पण एका अटीवर: डावा हात वर केला की थांबायचं. डॉक्टरांना विनंती करून आधी त्याची तालीम करून घेतली. सुई बघून तिला भोवळ यायची, तेव्हा अंग सैल सोडण्याऐवजी हातापायांचे स्नायू थोडा वेळ घट्ट आवळायला शिकवलं, त्याने खाली जाणारा रक्तदाब सावरतो. आणि फक्त जागेवरची भूल असल्याने हलकं खाऊन जायला सांगितलं.

दाढ काढताना तिने दोनदा हात वर केला. पहिल्यांदा खरंच दुखलं, भूल वाढवली गेली. दुसऱ्यांदा काहीच दुखत नव्हतं. 'खरंच थांबतात का ते बघायचं होतं,' असं तिने नंतर मला सांगितलं. डॉक्टर तेव्हाही थांबले होते.

दोन-तीन दिवस गाल चांगलाच सुजला. ते अपेक्षितच होतं. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, गार दहीभात, स्ट्रॉ नाही, जोरात थुंकणं नाही. तंबाखू किंवा सिगारेट ओढणाऱ्यांनी तर फारच जपावं. जखमेतली रक्ताची गुठळी निघून गेली की हाड उघडं पडतं आणि कमी होत आलेलं दुखणं पुन्हा उसळतं. तसं झालं तर गोळ्या वाढवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. खालच्या दाढेच्या मुळाजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. क्वचित ओठाची बधिरता रेंगाळते. हा धोका आपल्या बाबतीत किती, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा. दाढ काढल्याने नजर मात्र जात नाही. तिच्या आईची मुख्य काळजी तीच होती. दृष्टीची नस वेगळी, दातांची वेगळी.

पुढच्या भेटीत तिने स्वतःच डॉक्टरांना उजव्या अक्कलदाढेबद्दल विचारलं. ती सरळ आलेली, स्वच्छ, ब्रश नीट पोहोचतो. काढायची गरज नाही, तपासणीला येत राहा, असं त्यांनी सांगितलं.